अरुंद तोंड वर

२० ऑक्टोबर

ताई,

सुखरूप पोचलो. हाताला अजून लेपाचा वास येतो आहे. गाडीत शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे बघून नाक मुरडत होता. आधी कामाचं लिहितो, मग बाकीचं.

शेगडीच्या पाईपच्या सांध्यांना लावलेला लेप वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. म्हणून पहिल्या दिवशी शेगडीत फक्त काटक्या जाळ. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. एकदम मोठा जाळ केलास तर लेपाला तडे जातील. पहिल्यांदा तापल्यावर पाईपच्या काळ्या रंगाचा उग्र वास सुटेल, तेव्हा खिडक्या उघड्या ठेव आणि मामंजींना बाहेर बसव. छपरातून पाईप जिथे बाहेर जातो तिथली पत्र्याची कॉलर मी दोनदा तपासली आहे. पाऊस आत येणार नाही. उरलेल्या लेपाचा डबा जिन्याखाली ठेवला आहे, झाकण घट्ट लावून.

भाऊजींना माझ्याकडून खास सांग. ते तुमच्या गल्लीतल्या धुराडंवाल्याला बोलवा म्हणत होते ना, "तुमचा धंदा थंड हवेचा, हे गरम काम आहे" असं म्हणून. त्यांना सांग, आमच्या धंद्यात नियम एकच. हवा जिकडे जाते तिकडे पाईपचं चुण्या पाडलेलं, अरुंद तोंड. एका पाईपचं अरुंद तोंड पुढच्या पाईपच्या पोटात घालायचं, म्हणजे हवा कुठे अडखळत नाही. मोठमोठ्या इमारतींत मी गार हवेचे पाईप असेच जोडत आलो आहे आणि कुणाची तक्रार आलेली नाही. धूर म्हणजे तरी काय, गरम हवाच. ती वर जाते, म्हणून सगळी अरुंद तोंडं वर. त्या धुराडंवाल्यानं याहून वेगळं काय केलं असतं?

तू मात्र माझ्या बाजूनं उभी राहिलीस. "माझा भाऊ करतोय ना, मग झालं" म्हणालीस आणि शिडी धरायला आलीस. तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. लहानपणी मी तुझ्या वाटणीचं खाल्लं, तुझी सायकल मोडली, तुझ्याकडून गणितं करून घेतली, आणि तू ही एक शेगडी मागितलीस, तीही सासऱ्यांच्या छातीसाठी. ती लावून देताना जे वाटलं ते तिथे बोलता आलं नाही.

आता शेवटचं. लाकूड कोरडंच घाल. निघताना सगळ्यांसमोर म्हणालो ते गमतीत नव्हतं. ओलं लाकूड घातलंस तर शेगडी कुणी बसवली ते कुणाला सांगू नकोस.

तुझा
खटपट्या


६ नोव्हेंबर

प्रिय खटपट्या,

फोन मामंजींच्या खोलीबाहेर भिंतीला आहे आणि या घरात फोनवरचं बोलणं सगळ्यांच्या मालकीचं असतं. म्हणून मीही पत्रच लिहिते. शिवाय तुझं अक्षर बघितलं की मला बरं वाटतं. अजून तसंच आहे, कोंबडीनं नाचावं तसं.

तू सांगितलंस तसंच सगळं केलं. काटक्या, मग बारकी लाकडं, मग मोठी. वास सुटला तेव्हा मामंजींना शेजारी नेऊन बसवलं. ते परत आले तर खोली उबदार झालेली. दारातच थांबले. मग खुर्ची शेगडीजवळ ओढून बसले आणि म्हणाले, "सूनबाई, माझे गुडघे आज बऱ्याच दिवसांनी माझे वाटताहेत."

आता ते शेगडीला 'बाईसाहेब' म्हणतात. सकाळी विचारतात, "बाईसाहेब उठल्या का?" जाळ नीट धरला नाही की "आज रुसल्यात". जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, शेगडीची हवेची झडप किती उघडायची ते त्यांनी खडूनं खुणा करून ठरवलं आहे. मी हात लावला तर चालत नाही. खोकला पुष्कळ कमी आहे. तुझे भाऊजीसुद्धा ऑफिसातून आले की मोजे काढून शेगडीसमोर पाय पसरतात. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्या भावानं काम बरं केलंय." त्यांच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

मला किती अभिमान वाटला ते कसं सांगू. शेजारीण बघायला आली तेव्हा मी पाईपकडे बोट दाखवून सांगत होते, जणू मीच चढले होते छपरावर.

एक बारीकसं विचारायचं होतं. काल सकाळी मधल्या सांध्याखाली एक काळा ओघळ दिसला, बोटाएवढा. चिकट होता. फडक्यानं पुसला, निघाला. तुझ्या कामाला नाव ठेवायचं नाही हं. नव्या वस्तूचं असं होत असेल, नाही का?

तुझी
ताई


१८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि 'बाईसाहेब' सगळ्यांना वाचून दाखवलं. उस्ताद म्हणाले, अशी सासरेबुवांची पावती मिळाली की मिस्त्रीला आणखी काय पाहिजे.

त्या ओघळाचं मनावर घेऊ नकोस. लाकूड ओलं आहे, दुसरं काही नाही. ओल्या लाकडाचा धूर दमट असतो, त्याचं काळं चिकट पाणी होतं. तू तुझ्या लाकूडवाल्याला खडसावून विचार. आणि तो डबा आहे ना जिन्याखाली, त्यातला लेप ओघळ आला त्या सांध्याभोवती बोटानं दाबून भर. शेगडी गार असताना भरायचा. काम झालं.

इकडे मोठी बातमी आहे. एका मोठ्या हॉटेलचं सगळं हवेचं काम आमच्याकडे आलं आहे आणि उस्तादांनी ते माझ्यावर सोपवलं आहे. माणसं माझ्या हाताखाली. भाऊजींच्या कानावर घाल, सहज बोलता बोलता.

कोरडं लाकूड, ताई. बाकी पाईपची काळजी माझी.

तुझा
खटपट्या


९ डिसेंबर

प्रिय खटपट्या,

उत्तराला उशीर झाला. खरं म्हणजे लिहायचं टाळत होते. तुझ्या हॉटेलच्या कामाचं वाचून फार आनंद झाला. यांनाही सांगितलं. पण आता जे लिहिणार आहे ते वाचून तू माझ्यावर चिडशील.

ओघळ थांबले नाहीत. आता तिन्ही सांध्यांतून येतात. मी सगळ्यांच्या आधी उठून पाईप पुसते, म्हणजे कुणाला दिसू नये. तू सांगितलंस तसा लेप भरला. दोन दिवस थांबलं, मग लेपाच्या खालूनच यायला लागलं. पुन्हा भरला. आता सांध्यांना मफलर बांधल्यासारखं दिसतं आणि डबा संपला. थेंब शेगडीच्या तापलेल्या माथ्यावर पडतात आणि तिथे जळतात. त्याचा धूर खोलीत पसरतो, डोळे झोंबतात, घसा धरतो. मामंजींचा खोकला परत आला आहे, पहिल्यापेक्षा वाईट. भिंतीवर एक लांब तपकिरी पट्टा उमटला आहे. ती भिंत त्यांनी स्वतः रंगवली होती, सासूबाई होत्या तेव्हा.

आणि चूक माझी आहे. तुला खरं सांगते. कोरडी लाकडं संपत आली होती, लाकूडवाला येत नव्हता, म्हणून मी मागच्या अंगणातली, पावसात भिजून वाळलेली लाकडं मधूनमधून घातली. वरून कोरडी दिसत होती. तू इतकं बजावलं होतंस तरी घातली. म्हटलं, थोड्यानं काय होतंय.

यांनी एक दिवस मला पाईप पुसताना पकडलं. मग विचारलं, मग मी लाकडांचं सांगितलं. चारचौघांसमोर, म्हणजे माझी नणंद आणि तिचे यजमान आले होते तेव्हा, ते म्हणाले, "हिच्या भावानं इतकं चांगलं काम करून दिलं, निघताना बजावून गेला, आणि हिनं त्याची वाट लावली." खरंच होतं ते. नणंदेनं नुसतं भिंतीकडे बघितलं आणि मग वडिलांकडे. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मामंजींनी झडपेच्या खडूच्या खुणा पुसून टाकल्या.

तू एवढ्या लांबून येऊन, सुट्टी घालवून, छपरावर चढून केलेलं काम मी घालवलं. तुझं नाव खराब केलं. मला माफ कर. पाईप आता सुधारेल का, की सगळाच बदलावा लागेल, तेवढं लिही.

तुझी
ताई


२० डिसेंबर

ताई,

तुझं पत्र वाचलं. मनाला लावून घेऊ नकोस. होतं असं माणसाकडून. चूक झाली ती झाली, ती तू आपणहून कबूल केलीस, यातच सगळं आलं. लपवून ठेवणारे पुष्कळ असतात. माझ्या मनात तुझ्याबद्दल जराही राग नाही, कधी असणारही नाही. घरात कुणी बोललं तर ऐकून घे. माणसं आपलीच आहेत, आज बोलतील, उद्या विसरतील. एवढ्यातेवढ्यानं नाती तुटत नसतात. मोठ्या मनानं सोडून दे आणि नीट जेव. आपल्या दोघांत माफी मागायची वेळ यावी, एवढं काही झालेलं नाही.

आता मी येईपर्यंत शेगडी अजिबात पेटवू नकोस. हे मात्र नक्की पाळ. पाईप आतून साफ करावा लागेल, त्याशिवाय पेटवणं धोक्याचं आहे. मला लवकर निघता येईल असं वाटत नाही. हॉटेलचं काम मार्चपर्यंत चालेल.

तिथल्या जेवणाच्या दालनातही अशीच एक शेगडी आहे. आमच्या पाईपच्या आड येत होती म्हणून तिचं धुराडं मला उतरवून पुन्हा बसवावं लागलं. त्याची जोडणी जरा वेगळी होती. असो.

मामंजींना वाफ घ्यायला सांग. भाऊजींना नमस्कार.

तुझा
खटपट्या


५ जानेवारी

प्रिय खटपट्या,

तुझं पत्र आलं आणि मी स्वयंपाकघरात दार लावून रडले. चांगलं रडणं होतं ते. मला वाटलं होतं तू निदान दोन शब्द सुनावशील. मिस्त्री माणूस, आपलं काम कुणी बिघडवलं तर तुला किती राग येतो ते मी लहानपणापासून बघते आहे. आणि तू लिहिलंस, जराही राग नाही.

म्हणून मी एक केलं. ते पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. हेही होते. म्हटलं, निदान माझा भाऊ काय म्हणतो ते तरी कळू दे. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझा भाऊ मोठ्या मनाचा आहे." यांनीही मान हलवली. मग मी मामंजींच्या पायाशी बसले आणि त्यांची माफी मागितली. तुझ्या पत्रामुळेच मला तेवढा धीर आला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शेगडी तू म्हणालास तशी बंदच आहे. पण या दिवसांत ती खोली म्हणजे बर्फाचं घर. आम्ही जाडजूड पांघरुणं घातली, गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या. छाती भरतच गेली. शेवटी परवा नणंद येऊन त्यांना घेऊन गेली. तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे, गरम आहे, तिथे त्यांना बरं वाटेल. सगळे असंच म्हणतात, मीही म्हणते.

निघताना त्यांनी घड्याळाच्या अवजारांची पेटी बरोबर घेतली. थोड्या दिवसांसाठी जाणारा माणूस ती पेटी नेत नाही. मी विचारलं, "मार्चमध्ये माझा भाऊ येऊन पाईप साफ करणार आहे. मग परत याल ना?" ते म्हणाले, "बघू. तुला माझ्यामागे फार राबावं लागतं. तुझ्या हातून असं परत झालं तर तुलाच वाईट वाटेल." म्हणजे बघ, मला दुखवू नये म्हणून ते असं बोलले, आणि माझ्यावर आता त्यांचा भरवसा नाही हेही त्यातच आलं.

सासूबाई गेल्यापासून त्यांचं सगळं मीच बघत होते. त्यांना चहा किती कडक लागतो, कुठल्या कुशीवर झोपले की खोकला येतो, ते सगळं मला माहीत आहे. नणंदेला नाही. रोज संध्याकाळी मी त्यांची खुर्ची पुसते आणि मग आठवतं.

असो. माझ्या कर्माची फळं. तू तुझं काम नीट कर, माझ्यासाठी जीव खालीवर करू नकोस. तू माफ केलंस, तेवढा एक आधार आहे.

तुझी
ताई


९ जानेवारी

ताई,

हे पत्र शेवटपर्यंत वाच, मध्ये फाडू नकोस. पाईप तू बिघडवला नाहीस. मी उलटा बसवला आहे.

नीट सांगतो. हॉटेलातल्या त्या शेगडीचं धुराडं मी उतरवलं असं लिहिलं होतं. उतरवताना पाहिलं तर सगळी अरुंद तोंडं खाली, शेगडीकडे. मी माझ्या माणसांसमोर हसलो. म्हटलं, कुणा अडाण्यानं बसवलंय, आता मी सरळ करून देतो. मग पाईप उजेडात धरून आत बघितलं. आत वरपासून खालपर्यंत काळ्या ओघळांचा थर होता आणि बाहेरून पाईप स्वच्छ, कुठे एक डाग नाही. तेव्हा कळलं. धूर वर जातो, पण थंड झाला की त्याचं काळं पाणी होऊन आतल्या आत खाली उतरतं. अरुंद तोंड खाली असलं तर ते पाणी एका पाईपमधून खालच्या पाईपच्या पोटात जातं आणि शेवटी शेगडीत जाऊन जळून जातं. तोंड वर असलं तर प्रत्येक सांध्यापाशी ते बाहेर पडतं. तुझ्याकडे पडतं तसं. थंड हवेच्या पाईपात हा प्रश्नच येत नाही, म्हणून माझ्या डोक्यात तो कधी आलाच नाही. भाऊजी म्हणाले तेच खरं होतं. माझा धंदा थंड हवेचा.

मी तिथेच शिडीवर बसलो. माणसं विचारत होती काय झालं, मी म्हटलं पायात गोळा आला.

तुझं माफीचं पत्र त्यानंतर आलं. नंतर आलं, ताई. ते वाचताना मला सगळं माहीत होतं. एका ओळीचं काम होतं. पण भाऊजी काय म्हणतील ते डोळ्यांसमोर आलं, उस्तादांच्या कानावर गेलं तर काय ते आलं, हाताखालची माणसं आली. आणि तू तर आधीच सगळं आपल्या अंगावर घेतलं होतंस. मी ते घेऊ दिलं. वरून तुला माफ केलं. मोठ्या मनाचा झालो.

लाकडांचं म्हणशील तर, ओल्या लाकडानं काळं पाणी थोडं वाढलं असेल. पण पाईप सरळ असता तर ते शेगडीत गेलं असतं, भिंतीवर नाही, मामंजींच्या छातीत नाही. कोरडं लाकूड घातलं असतंस तरी हेच झालं असतं, थोडं उशिरा. लेपावर लेप भरून ते कधीच थांबणार नव्हतं, आणि तो भरायलाही मीच सांगितलं.

तू ते पत्र त्यांना वाचून दाखवलंस हे वाचलं तेव्हा मी जेवत होतो. ताट बाजूला सारलं. तू माझ्या त्या पत्राच्या बळावर त्यांच्या पायाशी बसलीस. त्यांनी पेटी उचलली ती माझ्यामुळे. शेगडी पेटवू नकोस म्हणालो ते खरं होतं, पण कारण खोटं सांगितलं, आणि खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्या धुराडंवाल्याला बोलावून दुपारभरात पाईप फिरवून घेतला असता. मामंजी आज आपल्या खोलीत असते. हे मला रोज कळत होतं आणि मी रोज कामावर जात होतो.

हॉटेलचं काम मी उस्तादांना सांगून दुसऱ्याकडे दिलं आहे. का ते त्यांना सांगितलं. त्यांनी मला जायला सांगितलं. तू म्हणशील त्या दिवशी निघतो. येऊ नकोस म्हणालीस तर मी धुराडंवाल्याला निरोप पाठवतो, त्याच्याकडून करून घे. मला काय म्हणायचं ते म्हण. सगळ्यांसमोर म्हण.

तुझा भाऊ


१६ जानेवारी

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा समजलं नाही. दुसऱ्यांदा वाचलं आणि उठून त्या खोलीत गेले, पाईपसमोर उभी राहिले. चुण्या वरच्या बाजूला जातात, हे मी रोज पुसताना बघत होते. किती वेळा त्या चुण्यांतून फडकं फिरवलं आणि स्वतःला शिव्या दिल्या.

पाईप उलटा बसला याचा मला राग नाही, हे आधी लिहिते. तू मुद्दाम केलं नाहीस. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तो मोठा आहे. मी तुला लिहिलं होतं की मला चारचौघांत बोलले. मी लिहिलं होतं की मामंजींनी खुणा पुसल्या. ते वाचून तू टेबलाशी बसलास, कागद घेतलास आणि मला नीट जेवायला सांगितलंस. त्या पत्राचं दुसरं पान मी काल पुन्हा काढून बघितलं. "जोडणी जरा वेगळी होती. असो." ते 'असो' मी तेव्हा वाचलं होतं आणि पुढे गेले होते. तुझ्यावर इतका विश्वास होता.

दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. "माझा भाऊ करतोय ना" असं म्हणाले होते, ते गिळायला वेळ लागला. मग यांना तुझं पत्र हातात दिलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसत बसले. म्हणाले, "मी ताईसमोर तुला नाही नाही ते बोललो." त्यांची बहीण, तिला ते ताई म्हणतात. मग उठून तिला फोन करायला गेले. मी थांबवलं. म्हटलं, हे तुम्ही सांगायचं नाही आणि मीही नाही. ज्यानं केलं तो सांगेल.

तेव्हा तू ये. येत्या शनिवारी ये. धुराडंवाल्यालाही बोलावलं आहे, तो शेजारी उभा राहील आणि तू तुझ्या हातानं पाईप काढून सरळ बसवशील. येताना लेपाचा नवा डबा आण आणि शेगडीच्या दाराभोवती फट बुजवायला घालतात ती दोरी आण, जुनी कडक झाली आहे. शिडी मी धरीन. भिंत रंगवायची ती तू आणि हे मिळून रंगवा.

रविवारी नणंदेकडे जायचं. चौथा मजला, लिफ्ट नाही. मामंजींसमोर बसून, नणंदेच्या आणि तिच्या यजमानांच्या देखत, तू सगळं सांगायचं. मी तुझ्या शेजारी बसेन, पण तुझ्या वतीनं बोलणार नाही. ते परत येतील की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. पण अवजारांची पेटी जिना उतरून आणायची वेळ आली तर ती तू उचलायचीस.

यांना काय म्हणायचं ते ते म्हणतील. त्यांनी आत्ताच 'थंड हवा' असं दोनदा म्हटलं आहे.

तुझी
ताई

ता. क. तुझ्या वीस डिसेंबरच्या पत्राचं पहिलं पान सोबत परत पाठवते आहे. माझ्याकडे राहून त्याचा काही उपयोग नाही, ते चुकीच्या पत्त्यावर आलं होतं. वरचं 'ताई' खोडून तिथे 'खटपट्या' लिहिलं आहे आणि खाली माझी सही केली आहे. बाकी एक शब्दही बदलावा लागला नाही.